बंगईची चार भोकं

शंकर, दुपारी डोळा लागतो न लागतो तोच मागच्या पडवीत तुझं मशीन सुरू होतं. आधी बारीक आवाज, मग लाकडाला टेकलं की जाड. मी अर्धवट झोपेतच म्हणते, आला वाटतं हा डेपोतून, हातपाय धुवायचे सोडून बसला. उठून बघते तर पडवीत कोणी नसतं. मशीन त्याच्या पेटीत असतं, वायर तू गुंडाळायचास तशीच असते. आवाज कधी वासा पोखरणाऱ्या भुंग्याचा निघतो, कधी लांबच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचा, आणि कधी कशाचाच निघत नाही. सुमनलाही तो ऐकू येतो. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो आणि चहा ठेवतो.

तुला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. लोक येतात, ओसरीवर बसतात, देवमाणूस होता म्हणतात. मी मान हलवते. सुमनसमोर, तुझ्या बायकोसमोर, मी वेगळं काय बोलणार? पण मी तुझी थोरली बहीण आहे, तुझा शेंबूड पुसलेली. देवमाणूस कसला, एक नंबरचा हट्टी होतास. आपला एक वाद अर्धा राहिला आहे, आणि वाद अर्धा टाकून उठून जाणं ही तुझी जुनी खोड. या वेळी मात्र फारच लांब गेलास. म्हणून हे लिहिते आहे. मुलींच्या शाळेत इतकी वर्षं दुसऱ्यांचे निबंध तपासले, आता स्वतः लिहायला बसले तर काय आधी लिहू आणि काय मागून, तेच सुचत नाही.

तुझं सगळं आयुष्य लाकडात गेलं आणि लाकूड काही तुझ्या हाती लागलं नाही. पुसदच्या जंगल डेपोत कारकून. जंगलातून आलेलं सागवान मोजायचं, ओंडक्यांवर आकडे घालायचे, लिलावाच्या दिवशी व्यापाऱ्यांच्या मागेमागे उन्हात हिंडायचं. संध्याकाळी घरी यायचास तेव्हा सदऱ्याला सागाचा वास असायचा. तळं राखी तो पाणी चाखी म्हणतात; तू तळं राखलंस आणि कोरडाच राहिलास. कारण तुझा उजवा हात. लहानपणी आर्णीच्या बाजाराला जाताना तू बैलबंडीवरून पडलास आणि हाडवैद्यानं मनगट बसवलं ते वाकडंच बसवलं. लिहायला चालायचं, भाकरी मोडायला चालायचं, रंधा मारायला चालायचं नाही. थोडा रंधा मारलास की मनगट सुजायचं आणि मी मिठाच्या पुरचुंडीनं शेक देत बसायची. तरी रविवार आला की रंधा बाहेर निघायचाच. अर्धे घासलेले पाट, एका पायानं लंगडं स्टूल, दार नसलेलं फडताळ, असं आपलं घर होतं.

आपल्या गल्लीत वीज आली तेव्हा बाकीच्यांना उजेड दिसला, तुला तुझं मनगट दिसलं. लोक बल्बाकडे बघत उभे होते आणि तू भिंतीवरच्या बटणाकडे. आपल्याकडे धाकटी भावंडं म्हणतात तसं तूही मला बाईच म्हणायचास. म्हणालास, "बाई, ह्या तारेतून जोर येते ना घरात, तो जोर माह्या हातात आला पाह्यजे." मी म्हटलं, आधी मीटरवाला काय म्हणतो ते बघ. पण तुझं लक्ष नव्हतं. त्या दिवसापासून तू कुठल्या तरी दुसऱ्याच गावात राहत असल्यासारखा वागायचास. ताटात भाजी कुठली वाढली तेही तुला कळत नसे.

मग माझ्या चष्म्यासाठी आपण नागपूरला गेलो आणि चष्मा राहिला बाजूला. बर्डीवरच्या त्या दुकानात तू मला नेलंस. दुकानदारानं समोर तीन मशीनं मांडली. एक गोल पात्याच्या करवतीचं, ते बघूनच मी मागे सरले. एक रंध्याचं, पोटाशी धरायला भलं जड. आणि एक भोकं पाडायचं, ज्याला ड्रिल म्हणतात ते. तुझा जीव करवतीत अडकला होता. मी तिथेच ठाण मांडलं. घरात चिरायचं काय आहे आपल्याला? ओंडका आरामशीनवर नेला की फळ्या चिरून मिळतात. घरच्या माणसाला लागतं ते भोक पाडणं, घासणं आणि जोडणं. दुकानदार म्हणाला, ड्रिलच्याच तोंडाला घासायची तबकडी लागते, छोटी करवत लागते, एकात सगळी कामं होतात. मी म्हटलं, तबकडी द्या, करवत ठेवा तुमच्याजवळ. एक ना धड भाराभर चिंध्या असलेलं घर आमच्याकडे आधीच आहे.

तू मग जे केलंस ते मला फार आवडलं होतं. तेव्हा बोलले नाही, आता बोलते. मशीनमध्ये जोर किती, ते तू विचारलंच नाहीस. एकेक मशीन उजव्या हातात घेतलंस, हात सरळ पुढे केलास आणि तसाच उभा राहिलास. रंध्याचं मशीन लगेच खाली झुकलं. करवत तर तू माझ्याकडे न बघताच परत ठेवलीस. ड्रिल मात्र राहिलं हातात, थोडं थरथरत, पण राहिलं. मग ते तू माझ्या हातात दिलंस. म्हणालास, "धरून तं पाह्य. हात भरून येते काय?" मला कशाला, असं मी म्हणेपर्यंत ते माझ्याकडे आलंही होतं. अर्ध्या भरलेल्या कळशीइतकं वजन. जुन्या चष्म्यातून समोरच्या दुकानाची पाटी अक्षर न् अक्षर वाचून झाली तरी माझा हात हलला नाही. तू ते बघत होतास. मला तेव्हाच कळायला हवं होतं की तुझ्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

आणि दुसरी अटही माझीच होती. एका मशीनला खुंटी होती, ती दाबली की बोट काढलं तरी मशीन चालूच राहतं. दुकानदाराला तिचा कोण अभिमान. मी म्हटलं, बोट उचललं की जागच्या जागी थांबेल असंच हवं, नाहीतर मी तुझ्या घरात राहणार नाही. तू हसून तसंच घेतलंस. पुढे गल्लीत सगळ्यांना सांगायचास की बटण पारखून आपण स्वतः घेतलं. पारखलं मी होतं. हे एकदा लिहून ठेवते.

घरी आल्यावर तुला धीर कुठला! मशीनला तीन टोकांचा प्लग लागतो, तो बसवायला वायरमन यायचा होता. तू बल्ब काढलास, त्याच्या जागी मशीनची वायर जोडलीस, ती छतातून लोंबती सोडलीस आणि सडा घातलेल्या अंगणात अनवाणी उभा राहून बटण दाबलंस. हात एकदम झटकला गेला, मशीन मातीत पडलं, आणि तू पांढराफटक पडून हसत होतास. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता हे विहिरीत टाकते. टाकलंही असतं. सुमन मध्ये पडली म्हणून वाचलं.

वायरमन आला, त्यानं कपाळाला हात लावला. लोखंडी अंगाच्या मशीनला जमिनीचा आधार लागतो, वीज फुटली तर ती माणसातून न जाता मातीत जायला हवी, असं त्यानं समजावलं. खोल खड्डा करा, खाली कोळसा आणि मीठ घाला, त्यात पाइप उभा करा आणि रोज पाणी ओतत जा, माती सुकली की उपयोग नाही. तू तो खड्डा नेमका तुळशीशेजारी खणलास. पाणी तिथे पडतंच म्हणालास. पण आपल्या गल्लीतल्या बायकांनी काय पाहिलं? तुळशीजवळ खड्डा, त्यात मीठ, वर उभा ठेवलेला पाइप, आणि रोज सकाळी आंघोळ करून ओलेत्यानं त्यावर पाणी घालणारा तू. पहिल्यांदा कोणीतरी हळदीकुंकू लावून गेलं. सोमवारी पाइपावर बेल निघाला. मग शेजारणी आपल्या घागरीतलं ओंजळभर पाणी जाता-येता तिथे ओतू लागल्या. सुमननं घाबरून विचारलं, यांना काय सांगू? तू म्हणालास, "सांगू नोको काही. तारेतली वीज पोटात घेते, मान्साचा जीव वाचवते, आनखी काय पाह्यजे देवाले?" मला ती फसवणूक वाटली आणि मी तसं म्हटलंही. त्यावर तू नुसता गोड हसलास. त्या पाइपाला पाणी कधी कमी पडलं नाही आणि मशीननं पुन्हा कोणाचा चावा घेतला नाही, एवढं खरं.

आता ते रविवार आठवतात आणि मला ते खरे होते की मी बसल्या जागी पाहिलेली स्वप्नं होती, हे नीट सांगता येत नाही. पडवीत उन्हाची तिरपी पट्टी यायची, तिच्यात लाकडाचा भुसा तरंगायचा, सोनेरी, हळू, खाली न पडणारा. मी उंबऱ्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसायची. मशीनचा एकसुरी आवाज कानात भरला की घर पूस नदीत सोडल्यासारखं हलतंय असं वाटायचं. तू, मी, सुमन, तुळस, सगळी त्यात बसून कुठंतरी निघालोत आणि कोणाला काही घाई नाही. मध्येच तुझा आवाज यायचा, समोर कोणी नसताना शिकवणारा. दाबायचं नाही. पातं बोथट झालं की बदलायचं, बोथट पातंच घात करतं. लाकूड हातात धरायचं नाही, शिकंज्यात आवळायचं. चकाची, म्हणजे पातं आवळणाऱ्या तोंडाची, किल्ली आधी काढून पेटीत टाकायची, मग बटण. मी शेंगांकडे बघत ऐकत नसल्याचं नाटक करायची, आणि तुला ते नाटक आहे हे ठाऊक होतं. संध्याकाळी टॉकीजचा खेळ सुरू झाला की बल्ब पिवळा पडायचा, मशीन कण्हायला लागायचं. तू लगेच थांबायचास. थकल्या बैलाला काठी मारू नये, म्हणायचास, मोटार जळते.

त्या मशीननं तुझं मनगट सुटलं. लंगड्या स्टुलाला पाय आला, फडताळाला दार आलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात. गल्लीतल्या सगळ्या बैलांच्या चाकांना भोकं तू पाडून द्यायला लागलास. पडवीत तेव्हा जत्रा भरायची. मी त्या दिवशी आत स्वयंपाकघरात राहायची. का, ते तुला माहीत होतं.

लहानपणीचा, आपल्या गावचा तो तान्हा पोळा. बाबांची पटाशी घेऊन मी सावरीच्या मऊ लाकडाचा बैल कोरला होता. वशिंड, मानेची पोळी, पुढचा एक पाय उचललेला. मुलीनं काही बैल ओढत न्यायचा नाही, म्हणून तो तू नेलास. पाटलांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला, कोणी केला विचारलं, आणि तू म्हणालास, "म्या." बक्षिसाचा नारळ आणि बत्तासे घेऊन घरी आलास आणि बत्तासे जवळजवळ सगळे माझ्या ओच्यात ओतलेस. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. आईनं पटाशी माळ्यावर ठेवली. काही वर्षांनी मी कपाळ पुसून परत आले, तुझ्या घरी राहिले, शिकले, मास्तरीण झाले. बैलाबद्दल तू कधी बोलला नाहीस आणि मीही नाही. मला राग होता असं नाही. पण गोष्ट होती खरी, आपल्या दोघांमध्ये बसलेली.

मग आली बंगई. सुमनच्या माहेरी, केळापूरकडे, सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बंगई, म्हणजे लाकडी झोपाळा, टांगलेली होती, तिच्यावर बसून ती लहानपणी शाळेचं पाठांतर करायची. नवी नवरी असताना तिनं हे एकदा सहज सांगितलं होतं, त्याला जमाना झाला. तू ते मनात धरून ठेवलं होतंस. एका व्यापाऱ्याकडून तू सागाची जाड फळी आणलीस, चांगली रुंद, दोन माणसं मांडी घालून बसतील अशी. कितीतरी रविवार तबकडीनं घासलीस. आधी जाडा काचपेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी जवसाचं तेल. हात फिरवला की फिरवतच राहावा अशी झाली. आढ्याला कड्या बसवल्या, सळ्या आणल्या. फळीच्या चार कोपऱ्यांना सळ्यांसाठी चार भोकं तेवढी पाडायची राहिली. आणि तू मशीन माझ्यापुढे ठेवून म्हणालास, "बाई, हे चार भोकं तुह्ये."

मी विचारलं, काहून? नागपूरच्या दुकानात मी पाटी वाचत होते तो दिवस तू काढलास. तुझा हात माझ्यापेक्षा सरळ आहे म्हणालास. मी म्हटलं, मी मास्तरीण बाई, केस पिकले, लोक हसतील. तू म्हणालास, मशीनला काय कळतं हात बाईचा की माणसाचा. मी म्हटलं, मला भीती वाटते. तेव्हा तू माझ्याजवळ बसलास आणि आवाज खाली आणून म्हणालास, "भेव तं मलेबी वाटते. म्हनून तं सरळ धरतो." मी तरी नाहीच म्हटलं. तूही मग नाही म्हटलंस. माझी भोकं मी पाडेपर्यंत फळी तशीच राहील, म्हणालास. दिवाळीपासून ती पडवीच्या भिंतीला टेकून उभी होती. आपण दोघं तिच्यासमोरून जायचो आणि दुसरीकडे बघायचो. सुमन तिच्यावरची धूळ पुसायची. एकदाच म्हणाली, "तुमच्या भांडनात माही बंगई उभीच राह्यली." तेव्हासुद्धा तू उठला नाहीस आणि मी पण उठले नाही.

ती चार भोकं त्या बैलाची होती, असं मला वाटतं. तोंडानं म्हणायला तुला जमत नव्हतं, म्हणून तू लाकूड पुढे केलंस. पण हा माझा अंदाज. तू कधी बोलला नाहीस. आणि मग एका दुपारी डेपोतल्या लोकांनी तुला खाटेवर घालून घरी आणलं, तेव्हा विचारायला काही उरलंच नव्हतं.

दहाव्या दिवशी पुरुषमाणसं पूस नदीवर गेली. तुला मूलबाळ नाही, म्हणून सगळं आपल्या चुलतभावानं, दौलतनं केलं. आम्ही दोघी घरी बसलो होतो. ऊन चढलं, तरी कोणी येईना. पिंडाला कावळा शिवत नसणार, हे दोघींनाही कळत होतं. सुमन उठून दारात उभी राहिली आणि तिथून हललीच नाही. दौलत आला तो घामानं निथळत. शिवला म्हणाला. काय म्हटल्यावर शिवला, असं सुमननं विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बंगईचे भोकं बाई पाडते म्हनलं, अन् लगेच आला."

सुमन तिथेच खाली बसून रडली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मोकळी रडली. मी मात्र संतापले, शंकर. मेल्यावरसुद्धा? स्वतःचं मागणं मागायला तुला कावळा सापडला? आणि वचन माझं, ते दिलं दुसऱ्यानंच, तेही मी जिथे जाऊ शकत नाही अशा नदीवर. मला नाही म्हणायचीही सोय ठेवली नाहीस. तेरावं झालं, माणसं पांगली. सुमन सकाळी फळी पुसताना माझ्याकडे बघायची. नवऱ्याचा जीव त्या चार कोपऱ्यांत अडकलाय असं तिला खरंच वाटत होतं. तिच्यासाठी करायचं म्हणून मी तयार झाले. मनातून नाही. हे तुला नीट कळू दे, मनातून नाही.

परवाच्या रविवारी दौलत गावाहून आला. दोन स्टुलांवर आम्ही फळी आडवी ठेवली, शिकंज्यानं आवळली. खाली एक जुनी फळी लावली, म्हणजे पातं बाहेर निघताना लाकूड फाटत नाही. हे मी दौलतला सांगितलं आणि मलाच नवल वाटलं की हे मला कसं ठाऊक. खिळ्यानं चारही जागी टोचून खूण केली. आधी बारीक पातं, मग जाड. चक आवळला, किल्ली पेटीत टाकली. सुमननं माझा पदर मागून घट्ट खोचून दिला. मशीनवर बसताना मनगटात काही नको, असा तुझा नियम. आमच्या दोघींच्या मनगटांत आता काहीच नाही. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि चहा ठेवते म्हणून आत गेली.

पहिल्या भोकाला मी डोळेच मिटले. मग जीव खाऊन दाबलं. पातं अडकलं, मशीननं माझं मनगट पिरगाळलं, मी बोट उचललं आणि ते जागच्या जागी थांबलं. पुन्हा लावलं, या वेळी दाबलं नाही. ते आपल्यानं गेलं. सागाच्या कुरळ्या साली वर यायला लागल्या, जरा जळका, गोड वास आला. भोक थोडं तिरपं झालं. दुसरं बरं झालं. तिसरं पाडताना तर मला आवाज ऐकू येईनासा झाला, नुसता हात आणि त्याच्या पुढे लाकूड. प्रत्येक भोक झालं की मी मनात म्हणत होते, घे, हे एक झालं, घे, हे दुसरं.

तिसरं झालं आणि दौलत फळी धरल्याधरल्या हळूच म्हणाला, "बाई, राग मानू नोको. कावळा शिवलाच नाही." मी मशीन खाली ठेवलं. तो आत सुमनच्या चाहुलीकडे कान ठेवून बोलत होता. "सारं म्हनून पाह्यलं. सुमनले पाहू म्हनलं, तुले पाहू म्हनलं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजीनं दर्भाचा कावळा करून शिवला. घरी आलो तं ती दारात उभी. मले नाही म्हनताच आलं नाही. काय म्हनल्यावर शिवला म्हने, अन् माह्या डोयापुढं ही फळी होती. मंग तेच निंगालं तोंडातून." मग म्हणाला, तू बस आता, उरलेलं एक मी पाडतो.

मी उंबऱ्यावर बसले. दौलतवर रागवायला हवं होतं, पण राग आला नाही. माझी सुटका झाली होती. वचन नव्हतंच, तर पाळायचं काय? पण मला जे वाईट वाटलं ते वेगळंच होतं. तू काहीच मागितलं नव्हतंस. इतके दिवस मी तुझ्या हट्टाशी मनात भांडत होते, तेवढीच तुझी सोबत होती, आणि तीही दौलतनं बनवलेली निघाली. तुझ्या मनात काही राहिलं होतं की नव्हतं, राहिलं असेल तर काय, ते नदीवर कोणाला कळलं नाही आणि आता कळायचंही नाही. मी रडले. दौलत बिचारा फळी सोडून नुसता उभा राहिला.

मग मी उठले. बारीक पातं पुन्हा चढवलं. दौलत पुढे झाला, तर त्याला म्हटलं, "तू फळी धर. भोक माझं आहे."

चौथं सगळ्यात सरळ गेलं. ते सुमनसाठी नव्हतं, कावळ्यासाठी नव्हतं, आणि खरं सांगते, तुझ्यासाठीही नव्हतं. मला ते पाडायचं होतं. पातं पलीकडे निघताना हाताला जो एकदम हलकेपणा येतो ना, तो मला पुन्हा एकदा हवा होता. झाल्यावर मी त्या भोकातून खालची जमीन बघत किती वेळ वाकून राहिले, मला कळलं नाही. मुलगी असताना पटाशी हातात असली की माझं असंच व्हायचं.

सुमनला मी खरं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. काल दौलतनं सळ्या अडकवल्या आणि बंगई टांगली. आत्ता सुमन तिच्यावर बसली आहे, डोळे मिटून, पाय जमिनीवरून उचलून, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणते आहे, शाळेतलं असावं. पडवीत भुसा अजून झाडलेला नाही. पेटीत पाहिलं, तर मोठ्या भोकांची दोन पाती तू कोरी ठेवली आहेस. दौलतला मी पुढच्या खेपेला एक सागाची फळी आणायला सांगितली आहे, लहानशी, माझ्यापुरती.

वाद संपला, शंकर. मी हरले, आणि हरल्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. एवढंच तुझ्या तोंडावर म्हणायला मिळायला हवं होतं.